गडग्यावरचा आंबा आणि इराण-इराकचे तेल

आमच्या गिरगावातल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाच्या खोलीत एक गृहस्थ राहत असत. त्यांचे खरे नाव पोस्टमनला आणि रेशनकार्डाला तेवढे ठाऊक. बाकी सारी चाळ त्यांना ‘आबादानकाका’ म्हणे. मूळचे रत्नागिरीकडचे. १९३४ साली बोटीने इराणच्या आखातात गेले, आबादानच्या तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात कोठाराचे कारकून म्हणून बारा वर्षे राहिले आणि १९४६ साली एक पत्र्याची ट्रंक, एक पितळी सामोवार आणि खजुराची दोन पोती घेऊन परत आले. खजूर चाळीत आठ दिवसांत संपला. सामोवार मात्र पुढे तीस-पस्तीस वर्षे त्यांच्या खिडकीत चकाकत होता.

१९५१ सालचे नवरात्र मला चांगले आठवते. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. संध्याकाळी आरतीला माणसे जमायची होती आणि आबादानकाका गॅलरीत वर्तमानपत्र पुढ्यात धरून गप्प बसले होते. मी जवळ गेलो तसे म्हणाले,

“अरे बाळू, संपलं. सगळे इंग्रज गेले आबादान सोडून. त्यांच्याच लढाऊ बोटीत बसून पलीकडे बसऱ्याला गेले.”

“पलीकडे म्हणजे कुठं हो काका?”

काकांनी कपातल्या चहात बोट बुडवले आणि फरशीवर एक वाकडी रेघ ओढली. “ही नदी. शत्त-अल्-अरब. हा अलीकडचा काठ इराणचा, तिथं आमचा कारखाना. पलीकडच्या काठावर त्या खजुराच्या बागा दिसतायत ना, तो इराक. नदीत होड्या. नावाडी पलीकडचा, त्याची बहीण दिलेली अलीकडे. दोन्हीकडे तीच माणसं, तीच भाषा, तोच खजूर. पण राज्यं दोन, आणि त्यांचं एकमेकांशी हाडवैर.”

“आणि इंग्रज कोणाचे?”

काका हसले. “दोघांचेही! तीच तर गंमत आहे.”

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या गावी दोन चुलतभावांच्या बागा एकमेकींना लागून होत्या. मध्ये दगडांचा गडगा. गडग्याला खेटून एक मोठा हापूसचा आंबा. बुंधा कोणाच्या हद्दीत यावरून दोन घरांत तीन पिढ्यांची बोलाचाली बंद. दर साली एकच मक्तेदार दोन्ही बागा मक्त्याने घेई. एकाला म्हणे, “तुमचा भाऊ कमी पैशात देतोय, तुम्ही ताणू नका.” पलीकडे जाऊन दुसऱ्याला तेच सांगे. “पुढं काय झालं?” मी विचारले. “पुढं काय होणार? भाऊ कोर्टात गेले आणि मक्तेदारानं शहरात माडी बांधली,” काका म्हणाले आणि आरतीला उठले.

त्या वयात मला गोष्टीतला आंबा तेवढा कळला, तेल कळले नाही. पुढे नोकरीत आणि निवृत्तीनंतर जे जे हाती पडले ते वाचत गेलो, तेव्हा ध्यानात आले की काकांनी फरशीवर चहाने काढलेल्या त्या रेघेत शंभर वर्षांचा इतिहास मावला होता. तोच आज दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

मक्त्याची गोष्ट इराणात तेलापासून सुरू झाली नाही. १८७२ साली नासिरुद्दीन शाहने ज्यूलियस रॉयटर या गृहस्थाला रेल्वे, खाणी, कालवे, असा जवळजवळ सगळा देशच मक्त्याने लिहून दिला. हे तेच रॉयटर, ज्यांची वृत्तसंस्था जगाला बातम्या पुरवीत असे. देशात ओरड झाली, रशियाने डोळे वटारले आणि पुढच्याच वर्षी शाहला तो करार रद्द करावा लागला. पण खजिना रिकामा आणि युरोपच्या सफरींची हौस मोठी, त्यामुळे खोड गेली नाही. १८९० साली तंबाखूचा मक्ता एका इंग्रज मेजरला दिला. इराणात तंबाखू म्हणजे घराघरातली वस्तू. बाजार बंद पडले, आणि १८९१ च्या डिसेंबरात मिर्झा हसन शिराझी या थोर धर्मगुरूच्या नावाने फतवा निघाला की तंबाखू ओढणे निषिद्ध. लोकांनी हुक्के फोडले, शाहच्या जनानखान्यातही कोणी हुक्का भरीना!

हे धर्मगुरू राहत होते सामर्‍याला, म्हणजे आजच्या इराकात. तेव्हा तो प्रदेश तुर्की सुलतानाच्या राज्यात होता. म्हणजे इराणच्या शाहचा हुकूम जिथे चालत नव्हता, तिथे बसलेल्या माणसाच्या शब्दावर इराण हलला. दोन्ही देशांचे हे नाते लक्षात ठेवण्याजोगे आहे. राज्यांचे वैर जुने, पण यात्रेकरू, मौलवी, व्यापारी यांची ये-जा त्याहूनही जुनी. १८९२ च्या जानेवारीत मक्ता रद्द झाला. मक्तेदाराला भरपाई म्हणून शाहला पाच लक्ष पौंडांचे कर्ज काढावे लागले. तंबाखू वाचला आणि कर्ज मात्र मानगुटीवर बसले.

अशा कर्जबाजारी दरबारात १९०१ साली तेलाचा मक्ता झाला. घेणारा विल्यम नॉक्स डार्सी. ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणीत मालामाल होऊन लंडनला येऊन राहिलेला हा धनिक. २८ मे १९०१ रोजी मुजफ्फरुद्दीन शाहने सही केली. साठ वर्षांची मुदत, वीस हजार पौंड रोख, वीस हजारांचे शेअर आणि निव्वळ नफ्याचे शेकडा सोळा. बदल्यात सुमारे ४ लाख ८० हजार चौरस मैलांचा मुलूख. उत्तरेचे पाच प्रांत तेवढे वगळले, कारण तिथे रशिया रागावला असता. डार्सीने स्वतः आयुष्यात कधी इराणच्या भूमीवर पाऊल ठेवले नाही.

आता गडग्यावरच्या आंब्याकडे या. डार्सीच्या माणसांनी पहिली विहीर खोदायला घेतली ती चियाह सुर्ख नावाच्या जागी, तुर्की सरहद्दीला लागून. १९०४ च्या जानेवारीत थोडे तेल लागले, मे महिन्यापर्यंत धार आटली. माणसे तिथून उठून दक्षिणेला गेली. पण जागा विसरली नाहीत. १९१३ साली इराण आणि तुर्कस्तान यांची सरहद्द ठरविण्याचा करार कॉन्स्टँटिनोपलला झाला, त्यात मध्यस्थ म्हणून ब्रिटन आणि रशिया बसले होते. त्या करारात चियाह सुर्खचा टापू इराणकडून तुर्कस्तानकडे गेला. सरहद्द सरकली की मालक बदलतो, हे आपल्याला ठाऊक. पण मक्तेदार? करारात एक स्वतंत्र कलम घातले होते: जो मुलूख इराणकडून तुर्कस्तानकडे जाईल, त्यातला डार्सीचा मक्ता जसाच्या तसा चालू राहील! दोन राज्ये दगड इकडचे तिकडे करीत बसली, आणि दगडाखालची जमीन ज्याच्याकडे होती त्याच्याकडेच राहिली.

पुढे १९२३ साली त्याच टापूत, इराकच्या बाजूला, नफ्तखाना येथे चांगले तेल लागले. जमिनीखालचा तो तेलाचा साठा सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. इराणच्या बाजूच्या जागेला नाव पडले नफ्त-ए-शाह. साठा एक, झेंडे दोन, आणि दोन्हीकडे तेल काढणारी कंपनी मुळात एकच. एका बाजूचे तेल इराकात खानकीनजवळच्या कारखान्यात जाई, दुसऱ्या बाजूचे इराणातल्या केरमानशाहला. आबादानकाकांचा मक्तेदार कथेतला नव्हता, तो नकाशावर दाखवता येतो.

पण आपण जरा पुढे आलो. दक्षिणेत गेलेल्या माणसांचे काय झाले? तिथला मुख्य इंजिनीयर जॉर्ज रेनॉल्ड्स हा आपल्याकडच्या सरकारी बांधकाम खात्यात काम करून गेलेला. टोळीवाल्यांपासून संरक्षणासाठी हिंदी घोडेस्वारांची एक तुकडी पाठविलेली. डार्सीचा पैसा संपत आला तेव्हा मदतीला धावली ती ब्रह्मदेशात तेल काढणारी बर्मा ऑइल कंपनी. म्हणजे इराणच्या तेलाला पैसा आणि पहारा हे दोन्ही हिंदुस्थानच्या वाटेने आले. १९०८ च्या मे महिन्यात, काम गुंडाळा असे सांगणारे पत्र वाटेत असतानाच, २६ तारखेच्या पहाटे मसजिद-ए-सुलेमान येथे ११८० फुटांवर तेलाचा फवारा उडाला. पहाऱ्यावरचा तरुण अधिकारी अर्नोल्ड विल्सन याने ती बातमी उघड न कळविता बायबलातल्या एका स्तोत्राचा क्रमांक तारेने पाठविला. ज्यांना कळायचे त्यांना कळले!

१९०९ साली अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी निघाली. मोहमऱ्याच्या शेख खझलकडून आबादान बेटावरची जागा घेतली, डोंगरातून नळ टाकला आणि १९१२ पासून कारखाना चालू झाला. १९१४ साली ब्रिटिश आरमार कोळसा सोडून तेलावर चालविण्याच्या खटपटीत चर्चिलसाहेबांनी सरकारला या कंपनीचे शेकडा एक्कावन्न हिस्से घ्यायला लावले. रक्कम बावीस लक्ष पौंड. यापुढे मक्तेदार म्हणजे नुसता व्यापारी राहिला नाही, त्याच्या पाठीशी उघडउघड एक साम्राज्य उभे राहिले.

आणि काही महिन्यांतच पहिले महायुद्ध पेटले. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरले. नदीच्या पलीकडचा काठ तुर्कांचा, अलीकडे आबादान. तेव्हा नदीच्या मुखाशी फाव येथे ६ नोव्हेंबर १९१४ रोजी हिंदी सैन्य उतरले, आणि त्याच महिन्यात बसरा पडले. हे सैन्य कोणते? सहावी पुणे डिव्हिजन! तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. साताऱ्या-रत्नागिरीकडची शेतकऱ्यांची पोरे, ज्यांनी खनिज तेल पाहिले असेल तर ते घरातल्या चिमणीत, ती तैग्रिसच्या चिखलात लढायला उभी राहिली. पुढे कुत-अल्-अमारा येथे हीच डिव्हिजन वेढ्यात सापडली. जवळजवळ पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती कैद झाली. त्यांत मोठी संख्या हिंदी शिपायांची, आणि त्यांतले पुष्कळजण परत आले नाहीत. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी ‘बसऱ्याची लढाई’ हा शब्द असे, तो हा. त्या लढाईला इतरही कारणे होती, पण आबादानचा कारखाना आणि नळ सांभाळणे हे पहिल्या कामगिरीतले एक काम होते, हे विसरता येत नाही.

युद्ध संपले आणि तुर्की सुलतानाच्या तीन प्रांतांतून इराक नावाचे नवे राज्य ब्रिटिशांच्या देखरेखीखाली उभे राहिले. तिथे १९३२ पर्यंत आपलाच रुपया चालत होता! आता मक्त्याची दुसरी बाग तयार झाली. १४ मार्च १९२५ रोजी इराकने टर्किश पेट्रोलियम कंपनीशी करार केला. मुदत पंचाहत्तर वर्षे, मोबदला टनामागे चार शिलिंग. युद्धानंतर दोस्तांच्या सान रेमोच्या बैठकीत इराकला कंपनीत शेकडा वीस हिस्सा देता येईल असे ठरले होते. प्रत्यक्षात तो मिळाला नाही. १९२७ च्या ऑक्टोबरात किर्कुकजवळ बाबा गुर्गुर येथे तेलाचा प्रचंड झोत उडाला. पुढच्या वर्षी वाटण्या ठरल्या. अँग्लो-पर्शियन, शेल, फ्रेंच कंपनी आणि अमेरिकनांचा गट, प्रत्येकी शेकडा पावणेचोवीस. उरलेले पाच टक्के कालुस्त गुल्बेंकियन या आर्मेनियन मध्यस्थाचे. ते जन्मभर ‘मिस्टर फाइव्ह पर्सेंट’ म्हणून ओळखले गेले. १९२९ साली या कंपनीचे नाव इराक पेट्रोलियम कंपनी झाले. इराकचे नाव पाटीवर आले, हिश्श्यात नाही.

म्हणजे जी कंपनी इराणात पूर्ण मक्तेदार, तीच इराकात पाव हिश्श्याची भागीदार. आता तिला एका बाजूला तेल कमी काढून दुसऱ्या बाजूला जास्त काढण्याची मुभा होती. शेजाऱ्याचे नाव घेतले की पुरे.

१९३१ साली मंदीमुळे इराणच्या हाती पडलेली रॉयल्टी आदल्या वर्षीच्या सुमारे १२ लाख ८८ हजार पौंडांवरून ३ लाख ७ हजारांवर घसरली. रेझा शाह संतापले. १९३२ च्या नोव्हेंबरात त्यांनी डार्सीचा करार रद्द केला. प्रकरण जिनीव्हाला राष्ट्रसंघापुढे गेले आणि शेवटी २९ एप्रिल १९३३ रोजी नवा करार झाला. क्षेत्र एक लाख चौरस मैलांवर आले खरे, पण मुदत बत्तीस वर्षांनी वाढून १९९३ पर्यंत गेली. आणि टनामागे दर किती ठरला? चार शिलिंग! पलीकडे इराकला मिळत होता तोच दर. दोन भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. बोलले असते तर निदान दर तरी एकत्र बसून मागितला असता.

त्याऐवजी ते कशावर बोलत होते? नदीवर. ४ जुलै १९३७ रोजी दोघांत सरहद्दीचा तह झाला. शत्त-अल्-अरबचे जवळजवळ सगळे पाणी इराकचे, इराणची हद्द आपल्या काठाशी संपे. काका म्हणत, “आमच्या धक्क्यापासून थोडं खाली गेलं आणि पाण्यात पाय बुडवला की परदेश!” धक्क्यापासून थोडे खाली, असे ते म्हणत त्याला कारण होते. आबादानसमोरच्या काही मैलांत तेवढी सरहद्द नदीच्या मध्यप्रवाहातून नेली होती, म्हणजे कारखान्याला लागणाऱ्या तेलाच्या बोटी इराणच्या पाण्यात उभ्या राहाव्यात. इतकी वर्षे जी रेघ कोणी हलवू दिली नव्हती, ती नेमकी धक्क्यापुढे येऊन अदबीने वाकली. मात्र समुद्रातून तिथवर येण्याची वाट इराकच्या पाण्यातून, वाटाडे बसऱ्याच्या बंदरखात्याचे. इराणला हे सलत राहिले.

काकांच्या आठवणीतले आबादान त्या काळचे. तिथे शिखांच्या वस्तीमुळे एका भागाला ‘सिख लेन’ म्हणत; ब्रह्मदेशातून आलेल्या कामगारांनी बांधलेली रंगूनी मशीद होती. साहेबांचे बंगले ब्रेममध्ये, हिरवळीसकट. रात्री कारखान्याच्या ज्वाळांनी नदी तांबडी दिसे आणि पलीकडच्या काठावरची खजुराची झाडे मोजता येत, असे ते सांगत.

मग १९५१ साल आले. ब्रिटिश सरकारला या कंपनीकडून करापोटी जे मिळे ते इराणला मिळणाऱ्या रॉयल्टीपेक्षा अधिक होते, हे तेहरानच्या पार्लमेंटात मोजूनमापून मांडले गेले. तिकडे सौदी अरबस्तानात अमेरिकन कंपन्यांनी १९५० च्या अखेरीस निम्मा नफा द्यायचे कबूल केले होते. १९५१ च्या मार्चमध्ये इराणने तेलाचे राष्ट्रीयीकरण केले, आणि डॉ. मोसद्देक पंतप्रधान झाले. ४ ऑक्टोबरला उरलेले इंग्रज ‘मॉरिशस’ या युद्धनौकेतून बसऱ्याला गेले. आबादानकाकांनी गॅलरीत वाचलेली बातमी ती हीच.

इराणला वाटले होते, जगाला आपल्या तेलावाचून चालणार नाही. पण शेजारी होते ना! इराणचे उत्पादन १९५० मध्ये दिवसाला साडेसहा लाख पिंपांच्या पुढे होते, ते १९५२ मध्ये वीस हजारांवर आले. त्याच काळात कुवेत आणि सौदी अरबस्तानचे तेल वाढले आणि इराकचेही तीन वर्षांत सुमारे चौपट झाले. १९५२ च्या फेब्रुवारीत इराकला निम्म्या नफ्याचा करारही मिळाला. इराण ज्या मागणीसाठी उपाशी बसला, तिचे फळ आधी शेजाऱ्याच्या ताटात पडले. इराकच्या लोकांना मोसद्देकविषयी सहानुभूती नव्हती असे नव्हे. पण विहिरींचे चाक त्यांच्या हाती नव्हते. १९ ऑगस्ट १९५३ रोजी ब्रिटिश व अमेरिकन हेरखात्यांच्या मदतीने मोसद्देकांची सत्ता उलथली. १९५४ मध्ये तेल काढण्यासाठी नवा कंपन्यांचा संघ आला. त्यात जुनी कंपनी चाळीस टक्क्यांची धनी, नाव आता ब्रिटिश पेट्रोलियम. बाकीचे भागीदार पाहा: शेल, फ्रेंच कंपनी, अमेरिकन कंपन्या. इराकमधले सगळे मोठे भागीदार आता इराणातही होते!

आपल्याकडे याचा पडसाद असा की त्याच सुमारास मुंबईला तुर्भ्याच्या खाडीकाठी परदेशी कंपन्यांचे तेलशुद्धीचे कारखाने आले, १९५४ आणि १९५५ साली. आबादानकाकांना तिथे नोकरी मिळत होती. गेले नाहीत. म्हणाले, “पुरे झालं तेल.”

नाणे मग उलटे पडले. १९५८ च्या जुलैमध्ये इराकात क्रांती झाली. १९६१ च्या डिसेंबरात कासिम सरकारने कायदा करून मक्त्यातला शेकडा साडेनव्व्याण्णव टक्के मुलूख, जिथे कंपनीने तेल काढलेच नव्हते तो, परत घेतला. कंपन्यांनी काय केले? इराकचे उत्पादन रेंगाळू दिले आणि इराणचे झपाट्याने वाढविले. १९५१ मध्ये जे इराणचे झाले, ते आता इराकच्या वाट्याला आले. शाह खूष! दहा वर्षांपूर्वी आपल्याच घरात काय झाले होते याची आठवण कोणाला?

एक गोष्ट मात्र मक्तेदारांच्या हिशेबात नव्हती. १९६० च्या ऑगस्टमध्ये कंपन्यांनी कोणाला न विचारता तेलाची जाहीर किंमत उतरविली. दोन्ही भावांच्या खिशाला एकाच दिवशी चाट बसली. त्या वेळी शत्त-अल्-अरबवरून इराण-इराकची नव्याने हमरीतुमरी चालली होती. तरीसुद्धा सप्टेंबरच्या १० ते १४ तारखांना बगदादमध्ये पाच देश एका टेबलाशी बसले: इराक, इराण, कुवेत, सौदी अरबस्तान आणि दूरचा व्हेनेझुएला. तिथे ‘ओपेक’चा जन्म झाला. बैठक इराकच्या राजधानीत, आणि पहिले सरचिटणीस इराणचे फुआद रुहानी. नदीचा तंटा बाजूला ठेवून दोघांनी आंब्याचा भाव एकत्र ठरवायचे मनावर घेतले. त्या घटकेपासून मक्तेदाराची युक्ती निकामी होऊ लागली. वेळ लागला, पण १ जून १९७२ रोजी इराकने इराक पेट्रोलियम कंपनी ताब्यात घेतली, १९७३ मध्ये इराणने कंपन्यांच्या संघाकडून कारभार काढून घेतला आणि १९७५ पर्यंत इराकातले उरलेले परदेशी हिस्सेही गेले. इराणचा करार १९९३ पर्यंत चालायचा होता, इराकचा २००० पर्यंत. दोन्ही साले मक्त्यांनी पाहिली नाहीत.

नदीचा तंटाही काही काळ मिटला. १९६९ मध्ये इराणने १९३७ चा तह झुगारला होता. पण १९७५ च्या मार्चमध्ये अल्जिअर्सला याच ओपेकच्या परिषदेत शाह आणि सद्दाम हुसेन यांनी समझोता केला की सरहद्द नदीच्या मध्यप्रवाहातून जाईल. अर्धे पाणी तुझे, अर्धे माझे. इतकी साधी गोष्ट!

इथे गोष्ट संपली असती तर किती बरे झाले असते. पण १७ सप्टेंबर १९८० रोजी सद्दाम हुसेन यांनी तो समझोता मोडला आणि २२ तारखेला इराकी फौजा इराणात शिरल्या. त्या युद्धाला नदी हे एकच कारण नव्हते. इराणातली क्रांती, सत्तेची हाव, जुने हेवेदावे, बरेच काही होते. पण या वेळी कान भरणारा मक्तेदार घरात नव्हता, भाऊच होते. आठ वर्षे लढले. आबादानला वेढा पडला, आणि काकांचा कारखाना तोफांच्या माऱ्यात जळून गेला. नदीत बुडालेल्या बोटींनी वाट बंद झाली. २० ऑगस्ट १९८८ रोजी शस्त्रसंधी झाली तेव्हा दोन्हीकडची लाखो माणसे मेलेली होती. आणि सरहद्द? १९९० मध्ये सद्दाम हुसेन यांनी पुन्हा १९७५ चीच रेघ मान्य केली.

त्या १९८० च्या दिवाळीच्या आसपास मी काकांना भेटायला चाळीत गेलो होतो. पंचाहत्तरीला आले होते, डोळ्यांना कमी दिसे. वर्तमानपत्रात आबादानच्या धुराचे छायाचित्र होते. त्यांनी मला ते हातात दिले आणि विचारले, “टाक्या कुठल्या बाजूच्या जळतायत रे? नदीकडच्या की मागच्या?” छायाचित्रात नुसता काळा धूर होता. मी म्हटले, “नदीकडच्या असाव्यात.” ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तो नावाडी असेल का रे अजून? त्याची बहीण अलीकडेच असणार.”

मी त्यांना गावच्या त्या दोन भावांचे पुढे काय झाले ते विचारले. लहानपणी ते विचारायचे राहून गेले होते. काका म्हणाले, “मक्तेदार मेला. मग दोघांना वाटलं, आता आंबा आपला. एकानं रात्री फांद्या तोडल्या, दुसऱ्यानं बुंध्याला घाव घातला. आंबा वठला. गडगा आहे अजून.”

आबादानचा कारखाना युद्धानंतर पुन्हा उभा केला गेला आणि आज तो चालू आहे. सरहद्दीवरच्या त्या नफ्त-ए-शाहचे नाव शाह गेल्यावर नफ्तशहर झाले, पलीकडे नफ्तखाना आहेच, आणि जमिनीखालच्या साठ्याला वर कोणाचे नाव लावले आहे याची अजूनही कल्पना नाही. इराण-इराकचा हा इतिहास वाचताना मला प्रत्येक वेळी वाटते की दोघे एका टेबलाशी बसले ते फार थोडे दिवस, आणि त्यांना जे काही हक्काचे मिळाले ते बहुतेक त्याच दिवसांत मिळाले. आपल्यापैकी कोणाच्या गावी सामाईक विहीर असेल, चाळीत सामाईक जिना असेल, तर या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन पलीकडच्या दारी जरूर जा. भाव काय तो मग ठरवता येईल.